पोलीस ठाण्याच्या फरशीखाली

गुन्हेपटाच्या दुसऱ्या भागापुढे जी अडचण असते, ती प्रेमकथेच्या किंवा विनोदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागापुढे नसते. गाणे पुन्हा ऐकले तर अधिक आवडते, विनोद पुन्हा ऐकला तरी हसू येते. पण प्रेत कुठे पुरले आहे हे एकदा कळले की ते पुन्हा नव्याने कळू शकत नाही. त्यामुळे असे बहुतेक दुसरे भाग नवा खून, नवे शहर आणि नवा संशयित घेऊन येतात आणि जुने म्हणून फक्त नाव ठेवतात. ‘दृश्यम’च्या दुसऱ्या भागाने हा सोपा मार्ग घेतला नाही. त्याने तेच प्रेत, तेच कुटुंब आणि तीच जागा घेतली, आणि पहिल्या चित्रपटाचे शेवटचे उत्तर हेच नव्या कथेतले पहिले संकट केले. या धाडसाबद्दल लेखक-दिग्दर्शक जीतू जोसेफ यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही दोन्ही भाग पुन्हा पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हुशारीत दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा असला, तरी हुशारीपेक्षा मोठी अशी एक गोष्ट त्याच्या हाती लागली होती आणि ती त्याने मध्येच सोडून दिली.

ती कोणती, हे सांगायचे तर दोन्ही शेवट उघड करावे लागतील. ज्यांनी हे चित्रपट अजून पाहिलेले नाहीत त्यांनी इथेच थांबावे. मूळ मल्याळम ‘दृश्यम’ १९ डिसेंबर २०१३ रोजी प्रदर्शित झाला. इडुक्कीच्या डोंगराळ भागातल्या राजाक्काड गावात केबलचा धंदा करणारा जॉर्जकुट्टी ही त्यातली मोहनलाल यांची भूमिका. पुढे कन्नड, तेलुगू, तमिळ आणि हिंदीत त्याच्या आवृत्त्या निघाल्या, आणि देशाबाहेर सिंहली व चिनी भाषांतही ही कथा गेली. हिंदी आवृत्ती निशिकांत कामत यांनी दिग्दर्शित केली आणि ३१ जुलै २०१५ रोजी ती आली. तिने कथा गोव्यात आणली. जॉर्जकुट्टीचा विजय साळगावकर झाला आणि ख्रिस्ती ध्यानशिबिराच्या जागी पणजीतला सत्संग आला. दुसरा मल्याळम भाग करोनाच्या निर्बंधांत, २०२० च्या उत्तरार्धात चित्रित होऊन १९ फेब्रुवारी २०२१ रोजी थेट ॲमेझॉन प्राइमवर आला, आणि त्याची हिंदी आवृत्ती अभिषेक पाठक यांच्या दिग्दर्शनाखाली १८ नोव्हेंबर २०२२ रोजी चित्रपटगृहांत लागली. म्हणजे तुलना करायची तर ती चार चित्रपटांची करावी लागते, आणि भाषेपेक्षाही कोणता चित्रपट कुठे बसून पाहण्यासाठी केला गेला, याने त्यांच्यात अधिक फरक पडला आहे.

पहिल्या चित्रपटाचे यंत्र आधी नीट पाहायला हवे, कारण ते फार थोड्या रहस्यपटांत आढळते. चौथी नापास झालेला, रात्ररात्र आपल्या केबलच्या कचेरीत बसून चित्रपट पाहणारा विजय, मोठ्या मुलीच्या, अंजूच्या, हातून घडलेला खून लपवायला निघतो. मेलेला मुलगा पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा आहे. त्याने अंजूचे चोरून चित्रण केले आहे, तिला धमकावले आहे, आणि त्या रात्री आईसमोरही त्याची मागणी थांबलेली नाही. विजय यावर जी तोड काढतो, तिच्यात खोटा साक्षीदार एकही नाही. खुनानंतर तो कुटुंबाला घेऊन पणजीला जातो, सत्संगाला हजेरी लावतो, लॉजवर राहतो, उपाहारगृहात पावभाजी खातो, चित्रपट पाहतो. नंतर पुन्हा त्याच माणसांकडे जातो आणि बोलता बोलता आपण २ आणि ३ ऑक्टोबरला इथे होतो, असे त्यांच्या कानावर घालतो. बसचा वाहक, लॉजचा व्यवस्थापक, उपाहारगृहाचा मालक, चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवणारा, हे सगळे पोलिसांना खरे बोलतात. साळगावकर कुटुंबाला त्यांनी खरोखर पाहिलेले असते. फक्त तारीख त्यांची स्वतःची नसते. माणसाला चेहरा आठवतो, प्रसंग आठवतो, पण दिनांक त्याला दुसऱ्याने सांगावा लागतो, या साध्या निरीक्षणावर सबंध चित्रपट उभा आहे, आणि हे निरीक्षण कोणत्याही न्यायालयात रोज खरे ठरणारे आहे.

महत्त्वाचे म्हणजे हे सगळे आपल्यासमोर घडते. खून आपण पाहिला आहे, मोटार पाण्यात ढकललेली आपण पाहिली आहे, घरातल्या बैठकीत विजय मुलींना पोलिसांचे संभाव्य प्रश्न विचारून उत्तरे कशी द्यावीत ते घोकून घेतो, तेव्हा आपण तिथेच बसलेलो आहोत. तारखांचा नेमका हिशोब मीराच्या तोंडून उशिरा उलगडतो आणि प्रेताची जागा शेवटच्या दृश्यापर्यंत लपवलेली आहे, हे खरे. पण बाकी सर्व काळ आपण त्याचे साथीदार असतो. या साथीत एक अवघडलेपण आहे. धाकट्या अनूला खोटे बोलायला शिकवणारा बाप आपल्याला आवडावा का, हा प्रश्न मनात येतो, आणि त्याचे उत्तर सापडण्याआधी सबइन्स्पेक्टर गायतोंडे त्या पोरीवर हात उगारतो. कमलेश सावंत यांनी ही भूमिका इतक्या खरेपणाने केली आहे की त्या मारहाणीनंतर प्रेक्षकाची नैतिक शंका संपून जाते. ही पटकथेची लबाडी आहे, असे कोणी म्हणाले तर मी फार वाद घालणार नाही.

माझ्या मते मात्र त्या मारहाणीच्या बरेच आधी चित्रपटाने आपला पाया घातलेला असतो, आणि तो पाया आहे साध्या माणसाला कायद्याचा वाटणारा अविश्वास. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम १०० प्रमाणे, बलात्काराच्या हेतूने केलेल्या हल्ल्याचा प्रतिकार करताना मृत्यू घडवण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा अधिकार पोहोचतो. चांगल्या वकिलाने अंजूची बाजू या कलमाखाली मांडली असती, आणि घाबरलेल्या मुलीच्या हातून घडलेली गोष्ट न्यायालयाने समजून घेतलीही असती. विजय हा विचारच करत नाही. मेलेला मुलगा महानिरीक्षकांचा आहे आणि आपण केबलवाले आहोत, एवढ्यावर त्याचा निर्णय होतो, आणि थिएटरमधल्या एकाही माणसाला तो निर्णय अवास्तव वाटत नाही. प्रेत लपवणे हा कलम २०१ खालचा स्वतंत्र गुन्हा, आणि तोच पत्करणे त्याला सुरक्षित वाटते. आपल्याकडच्या कोणत्याही गावात, ठाण्याची पायरी शक्यतो चढू नये असे सांगणारी वडीलधारी माणसे असतात. पहिला ‘दृश्यम’ त्यांच्या या शहाणपणावर उभा आहे, आणि म्हणूनच शेवटी ठाण्याचीच फरशी प्रेतावर येते तेव्हा ती नुसती कलाटणी राहत नाही. जिथे न्याय मागायला जायचे, तिथेच त्याने आपला गुन्हा पुरला आहे आणि त्याच्यावर पोलिसांचाच पहारा बसवला आहे.

निशिकांत कामत यांना ही जमीन नवी नव्हती. २००५ च्या ‘डोंबिवली फास्ट’मधला माधव आपटे हा असाच नोकरदार, नाकासमोर चालणारा माणूस, तो व्यवस्थेवर उघड हात उगारतो आणि त्याची किंमत जिवाने मोजतो. दहा वर्षांनंतर त्याच दिग्दर्शकाच्या हाती आलेला विजय मार खातो, मान खाली घालतो आणि तोंडातून एक शब्द बाहेर पडू देत नाही. या दोन माणसांना शेजारी ठेवून पाहिले की कामत यांनी हिंदी ‘दृश्यम’मध्ये पहिला तासभर एवढा निवांतपणा का ठेवला असेल, ते माझ्या लक्षात येते. तेव्हा त्या संथपणाविषयी अनेकांनी कुरकुर केली होती. पण विजयचा चिक्कूपणा, घरातली थट्टामस्करी, हॉटेलातल्या गप्पा हे सगळे पाहून झाल्यावरच त्या घरावर आलेले संकट आपल्याला आपले वाटते. अविनाश अरुण यांच्या छायालेखनातला गोवाही किनारे आणि पर्यटक यांच्यापासून लांबचा, पावसाने ओलावलेला, लाल मातीचा आणि बसथांब्यांचा गोवा आहे. त्यात कोकणी फारशी ऐकू येत नाही, ही माझी जुनी तक्रार. पण उपेंद्र सिधये यांचे रूपांतर आणि प्रथमेश परब, कमलेश सावंत यांच्यासारखे मराठी नट यांमुळे त्या गावाला एक ओळखीचा चेहरा मिळाला. कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी गेले. दुसरा हिंदी भाग त्यांनी केला असता तर तो कसा झाला असता, या प्रश्नात शिरण्यात अर्थ नाही, पण तो भाग पाहताना हा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही, एवढे मात्र खरे.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ. त्याची सुरुवात प्रेत पुरले त्याच रात्रीपासून होते. दुसऱ्याच एका खुनातला फरारी माणूस पोलिसांपासून पळताना, बांधकाम चालू असलेल्या ठाण्यातून फावडे घेऊन बाहेर पडणारा नायक पाहतो, आणि मग स्वतःच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जातो. ही सुरुवात मला अव्वल वाटते. पहिल्या भागात नायकाने ज्या स्मरणशक्तीला हवे तसे वळवले होते, तीच या वेळी त्याच्या हाताबाहेर कुठेतरी, एका कोठडीत, जशीच्या तशी शिल्लक राहिली आहे. या माणसाला तारीख कोणी पढवलेली नाही. स्वतःच्या हातून खून झाला ती रात्र तो कसा विसरेल? जुन्या यंत्राचा याहून नेमका प्रतिस्पर्धी शोधता आला नसता.

त्यानंतरचा तासभर हा माझ्या दृष्टीने या सबंध मालिकेतला सर्वांत खोल भाग आहे. काही वर्षे उलटली आहेत. केबलवाला आता थिएटरचा मालक झाला आहे, चित्रपट काढायच्या गोष्टी करतो आहे, आणि दारू प्यायला लागला आहे. मोठ्या मुलीला झटके येतात; पोलिसांची चाहूल लागली तरी ती थरथरते. बायको घरात एकटी पडली आहे, कारण नवरा बोलत नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस तिने प्रेताविषयी विचारले तेव्हा ते गुपित आपल्याबरोबरच जाईल असे त्याने सांगितले होते, आणि त्या वेळी ते संरक्षण वाटले होते. इतक्या वर्षांनी तेच मौन त्यांच्यामध्ये भिंतीसारखे उभे आहे. गुन्हा पचला तर पुढे काय, हा प्रश्न गुन्हेपट सहसा विचारत नाहीत, कारण श्रेयनामावली सुरू झाली की पात्रांची जबाबदारी संपते. जीतू जोसेफ यांनी तो विचारला, एवढ्यावरही दुसऱ्या भागाचे अस्तित्व समर्थनीय ठरते.

आणि यातच ती मोठी गोष्ट आहे. पहिल्या भागात गाव हे विजयचे संरक्षण होते. गावाने त्याला ओळखले होते, गावाने अनूवरच्या मारहाणीनंतर गायतोंडेला बदडले होते. गावाची स्मृती हाच त्याचा पुरावा होता. दुसऱ्या भागात ती स्मृती आंबली आहे. माणूस गरीब होता तोवर तो बिचारा होता. त्याने थिएटर बांधल्यावर हॉटेलातल्या टेबलांवर वेगळे बोलणे सुरू झाले आहे, की खून यानेच केला असणार, आणि पोरगीही काही साधी नसणार. या कुजबुजीचा सगळा भार शेवटी मुलीच्या अंगावर येतो, हे जीतू जोसेफ यांनी अचूक टिपले आहे. पोलिसांना जे सिद्ध करता आले नाही, ते गावाने पुराव्याशिवाय मान्य करून टाकले आहे, आणि विशेष म्हणजे गावाचा तर्क बरोबर आहे! ज्या साक्षीदारांनी खरे बोलून खोटे उभे केले होते, तेच लोक आता खोट्यानाट्या वावड्या उठवून सत्याच्या जवळ पोहोचले आहेत. यातून नायकाची सुटका कशी होणार? डीएनए चाचणीने ती होणार नाही, कारण गाव प्रयोगशाळेचा अहवाल वाचत नाही.

शेजारच्या जोडप्याचे उपकथानक याच धाग्यावर येते. दारुडा नवरा, मार खाणारी बायको, तिच्या कळवळ्याने जवळ गेलेली नायकाची पत्नी नंदिनी. आणि एकटेपणाच्या एका क्षणी तिने बोलून टाकलेले अर्धेमुर्धे सत्य. मग कळते की ते दोघे पोलीस आहेत आणि घरात ऐकण्याची यंत्रे बसवलेली आहेत. हिंदीत नेहा जोशी यांनी ही शेजारीण अशी उभी केली आहे की त्या विश्वासघाताचा राग येण्याऐवजी प्रथम वाईट वाटते, कारण नंदिनीला इतक्या वर्षांत लाभलेली ती एकच मैत्रीण होती. पहिल्या भागात पोलीस लाथा मारत होते. दुसऱ्यात ते भाजीची वाटी घेऊन यावे तसे घरात येतात. ही प्रगती अधिक भयंकर आहे, हे चित्रपटाला माहीत आहे, असे निदान त्या घटकेला तरी वाटते.

इथे मल्याळम आणि हिंदी आवृत्त्यांच्या वाटा थोड्या वेगळ्या होतात. मल्याळम दुसरा भाग आम्ही घरी, पडद्याखालची भाषांतराची अक्षरे वाचत वाचत पाहिला होता. घराबाहेर पडायची धास्ती अजून गेली नव्हती, आणि पडद्यावरचे कुटुंबही एका न दिसणाऱ्या धास्तीत दिवस काढत होते. त्या चित्रपटाची संथ चाल आमच्या घरातल्या संथपणात सहज मिसळून गेली. मोहनलाल यांचा जॉर्जकुट्टी इथे जाड झालेला, थकलेला, डोळ्यांतून काहीच न दाखवणारा असा आहे, आणि त्याच्या मनात काय चालले आहे हे कळत नसल्यामुळेच त्याच्याकडे पाहत राहावेसे वाटते. हिंदी आवृत्ती थिएटरसाठी केलेली असल्यामुळे तिने ही घरगुती दृश्ये आटोपशीर केली, पार्श्वसंगीताचा जोर वाढवला, आणि अक्षय खन्ना यांच्या रूपाने एक नवा, बुद्धिबळ खेळणारा, मंद हसत बोलणारा पोलीस अधिकारी मध्यभागी आणला. अक्षय खन्ना पाहायला मजा येते, हे मी नाकारत नाही. पण त्यामुळे झाले असे की एका कुटुंबाच्या क्षयाची गोष्ट दोन हुशार पुरुषांच्या सामन्याची गोष्ट झाली. तब्बूची मीरा, जी पहिल्या भागात आई आणि अधिकारी या दोन्ही नात्यांनी एकाच वेळी चित्रपट ओढून नेत होती, ती या सामन्यात बाजूला उभी राहते. तिकीटबारीच्या दृष्टीने हा निर्णय योग्य ठरला. भारतातली कमाई दोनशे कोटींच्या वर गेली, आणि ती पहिल्या हिंदी भागाच्या कितीतरी पुढची आहे. गर्दीने दिलेला हा कौल आहे, आणि गर्दी कशावर टाळ्या वाजवत होती हे मी त्या थिएटरात बसून ऐकले आहे.

टाळ्या शेवटच्या अर्ध्या तासाला होत्या. ठाण्याची फरशी उकरली जाते, सांगाडा सापडतो, नायक कबुली देतो, आणि तो सांगाडा त्या मुलाचा नाही असा अहवाल न्यायालयात येतो. मग एकेक करून पडदे उघडतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या पहारेकऱ्याशी नायकाने आधीच सलगी केली होती. कबरी खोदणाऱ्या माणसाला अडचणीत मदत करून त्याच्याकडून त्याच वयाच्या दुसऱ्या एका तरुणाचे अवशेष मिळवले होते आणि ते प्रयोगशाळेत खऱ्या सांगाड्याच्या जागी ठेवले होते. पटकथा लिहून घेण्याच्या निमित्ताने ही सगळी हकिकत एका लेखकाकरवी कादंबरीच्या रूपात आधीच छापून ठेवली होती, म्हणजे पोलिसांनी या पुस्तकावरूनच आपल्याला गोवले असे म्हणता यावे. हे उलगडणे इतक्या वेगाने आणि इतक्या सफाईने येते की पहिल्यांदा पाहताना मीही पुढे सरकून बसलो होतो.

दुसऱ्यांदा पाहताना सांधे दिसू लागतात. कादंबरीची युक्ती घ्या. तेव्हा लागू असलेल्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. कलम २७ प्रमाणे, कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही सापडले, तर त्या माहितीचा तेवढ्यापुरता भाग ग्राह्य धरता येतो. इथे सांगाडा सापडला तो त्या फरारी साक्षीदारामुळे, आणि सापडलेला सांगाडाही भलत्याचाच निघाला. म्हणजे कबुलीजबाबाला न्यायालयात फारसे वजन नव्हतेच, आणि त्याची धार बोथट करण्यासाठी वर्षानुवर्षे खपून कादंबरी छापण्याची गरज नव्हती. ती कादंबरी न्यायाधीशांसाठी लिहिलेली नाही, ती आपल्यासाठी, तिकीट काढून बसलेल्यांसाठी लिहिलेली आहे. तसे असायला माझी हरकत नाही. चित्रपटवेड्या माणसाने आपली सुटकाही पटकथेतून करावी, यात एक खट्याळपणा आहे. पण पहिल्या भागातली प्रत्येक खेळी त्या गावाच्या आणि त्या माणसाच्या आवाक्यातली होती. बसचे तिकीट, लॉजची पावती, सहज केलेला उल्लेख, ही चौथी नापास माणसाच्या हाताशी असलेली साधने होती. दुसऱ्यात एक ढिला पहारेकरी, एक ऋणी कबर खोदणारा आणि नेमक्या वयाचा मृत तरुण हे सगळे एका रेषेत यावे लागतात, आणि सांगाडा प्रयोगशाळेत पोहोचला त्याच रात्री सगळे जुळून यावे लागते.

याहून मोठा फरक प्रेक्षकाच्या जागेत झाला आहे. पहिल्यात आपण नायकाशेजारी बसलो होतो. दुसऱ्यात आपल्याला पोलिसांच्या बाकावर बसवले आहे. त्याने इतकी वर्षे काय केले, हे आपल्यापासून पूर्ण लपवले जाते आणि अखेरीस दुसऱ्यांच्या तोंडून सांगितले जाते. त्यामुळे चकित होण्याचा आनंद वाढतो, पण कृत्याचे ओझे आपल्या वाट्याला येत नाही. पहिल्या भागात मुलींना खोटे शिकवताना आपण पाहिले आणि थोडे ओशाळलो; दुसऱ्यात कबर उकरली जाते तेव्हा ती गोष्ट टाळीच्या ओघात, निवेदनातल्या एका कलमासारखी निघून जाते. शिवाय या वेळी पोलिसांनी अनूवर हात टाकलेला नाही. त्यांनी पाळत ठेवली, फसवले, पण त्यांचा संशय शब्दशः बरोबर होता. तरीही आपण टाळ्या वाजवल्या, आणि त्या कशासाठी वाजवल्या हे चित्रपटाने आपल्याला विचारले नाही.

शेवटी नायक त्या मुलाची रक्षा त्याच्या आईवडिलांपर्यंत पोहोचवतो. मूळ चित्रपटातल्या वडिलांची विनवणी ज्यांना आठवते, त्यांना हे दृश्य हलवून जाते. सिद्दीक यांचा प्रभाकर काय आणि रजत कपूर यांचा महेश काय, अपराधी मुलाचा बाप म्हणून इतक्या सभ्यपणे दुःख करणारी माणसे आपल्या पडद्यावर फारशी नाहीत. मला खटकते ते दुसरेच. एका घराला रक्षा मिळाली ती दुसऱ्या एका घराची कबर रिकामी करून. तो दुसरा तरुण कोण होता, त्याची आई दर वर्षी कोणत्या मातीवर फुले ठेवत असेल, याचा चित्रपटात कुठेही उल्लेख नाही. पहिल्या भागातल्या विजयने कोणाही तिऱ्हाइताचे काही हिरावून घेतले नव्हते. पणजीतल्या त्या सगळ्या साक्षीदारांना त्याने फसवले, पण त्यांचे काही गेले नाही. दुसऱ्या भागात त्याने आपल्यासारख्याच कोणा साध्या कुटुंबाचा मुलगा पोलिसांच्या मुद्देमालात बेनाव करून ठेवला, आणि ज्या अन्यायाच्या भीतीने त्याने पहिला गुन्हा लपवला होता, तोच अन्याय या वेळी त्याच्या हातून दुसऱ्या एका दुबळ्या घरावर झाला. गावाची कुजबुज आणि ही रिकामी कबर या दोन गोष्टी एकत्र आणल्या असत्या, तर दुसरा भाग पहिल्याहून सरस झाला असता असे मला खरोखर वाटते. सामग्री सगळी त्यातच होती.

तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. तिच्याविषयीच्या गप्पांत जो तो एकच विचारतो की आता नवी युक्ती कोणती असणार. मला त्याची फारशी उत्सुकता नाही. त्या कबर खोदणाऱ्याने कोणाजवळ तरी तोंड उघडले, आणि सकाळी थिएटरचे दार उघडताना विजयपुढे एक अनोळखी म्हातारी येऊन उभी राहिली, तर तो तिला काय सांगेल, हे मात्र मला पाहायचे आहे.